यजमानाविना येळवस

जवस फुलला, आणि मला आनंद झाला नाही.

हे आधीच सांगून टाकतो. फुललेल्या रानाबद्दल लिहायला बसलेल्या माणसानं पहिल्या ओळीत हरखून जावं असा रिवाज आहे. मला हरखायचं त्राण नाही. पत्रकं लिहून लिहून बोटं आखडलीत, ओरडून घसा बसलाय तो उठत नाही, आणि पायांना चालायची एवढी सवय झालीय की नुसतं बसलं तरी पिंढऱ्या उडतात. अशात मार्गशीर्ष सरत आला. नळदुर्गाच्या अंगाला आमच्या गावच्या काळ्या रानांत ज्वारी निसवली, तुरीच्या शेंगा भरल्या, हरभऱ्याला ती बारकी जांभळी फुलं आली आणि मधल्या पट्ट्यांत जवस निळा झाला. सगळं वेळच्या वेळी. निजामाचं राज्य गेलं, कचेरीवरचा झेंडा बदलला, साहेबाच्या डोक्यावरची लाल टोपी जाऊन पांढरी आली. जवसाला त्यातलं काही कळलेलं नाही. तो आपला आला आणि फुलला. मला त्याचा रागच येतो.

यंदा गावात सगळ्यांत दाट फुलला तो मेहबूबचाचांचा जवस. आणि मेहबूबचाचा धाराशिवच्या तुरुंगात आहेत. त्यांची बायको बीबनबी नळदुर्गला भावाच्या घरी जाऊन राहिलीय. रान इथं, पीक इथं, मालक तिथं. आणि चावडीपासून पाणवठ्यापर्यंत एकच बोलणं, की हे रान आता कुणाला जायचं? मला विचाराल तर हा प्रश्नच बेइमानीचा आहे. रान ज्याचं होतं त्याचं आहे. हे एवढं सोपं वाक्य मी दसऱ्यापासून गावात बोलतोय, आणि ताप डोक्यात गेलेल्या माणसाकडं बघावं तसं लोक माझ्याकडं बघतात.

आम्हाला रान नाही. वडील सरकारी मदरशात मराठी शिकवायचे, म्हणजे उर्दूच्या तासांतून उरेल तेवढी शिकवायचे. घरात साधं खुरपं नव्हतं. पण येळवस आली की गावात आमच्याइतकं श्रीमंत कुणी नसे. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात गाव ओस पडतं. दाराला कुलूप, चुलीवर पाणी आणि झाडून सगळी माणसं रानात. उभ्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, त्यांना पांडव म्हणायचं. डोक्यावरून बिंदग्यात, म्हणजे मातीच्या छोट्या घागरीत, आंबील आणायची आणि "ओलगेऽ ओलगे" असं ओरडत रानाला चारी अंगांनी तिचा शिंतोडा द्यायचा. वर्षभर जिनं खायला घातलं त्या मातीला एक दिवस आपण वाढायचं, मग आपण जेवायचं. आणि ज्याला रान नाही त्याला कुणीही हाक मारावी, त्यानं कुठंही बसावं. ताकातल्या ज्वारीचा तो आंबूस वास, भज्जीत शिजलेली हरभऱ्याची पानं आणि तुरीचे कोवळे दाणे, बाजरीचे गरम उंडे बोटांना चिकटणारे. अख्खं शिवार माझ्यासाठी पान मांडून बसलंय असं वाटायचं.

त्यात गौराक्काची हाक सगळ्यांत मोठी. गौराक्का म्हणजे बसप्पाआप्पांची बायको. घर लिंगायताचं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि आवाज असा की बांधापलीकडचे बैल मान वळवायचे.

"ए गुरुजीच्या! तिकडं कुठं चाललास? पाटलाच्या रानातली भज्जी पानचट असतीया. हिकडं ये."

मी जायचो. पोट फुटेस्तोवर खायचो आणि मग जवसाच्या पट्ट्यात फुलं शोधत हिंडायचो. एकदा तिला विचारलं, अक्का, सगळे म्हणतात जवस फुललाय, मग फुलं आहेत कुठं?

"दुपारचा आलास व्हय रं फुलं बघाया? जवस काय तुज्यावानी झोपाळू न्हाय. उन्हं वर आली की झाडून टाकतुया समदं. फुलं बघायची तर सकाळी यावं, पोट भरायचं तर दुपारी. दोनी पायजेल तर रानातच ऱ्हायाला ये."

खरंच आहे ते. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारच्या आत पाकळ्या टाकतं. येळवशीच्या पंगतीला बसलेल्यांनी जवस फुललेला बघितलेलाच नसतो. काळ्या मातीवर निळा कोंडा पडलेला असतो, त्यावर पाय देऊन लोक जेवायला बसतात.

फुललेल्या रानाची हौस सरकारी मंडळींनाही होती. एका थंडीत कुणी मोठा अंमलदार बायकामुलांना घेऊन आमच्या शिवारात 'बहार' बघायला आला. बहार त्यांनी बघायची, वेठ गावानं करायची. निजायच्या बाजा वाहायच्या, दूध पुरवायचं, कोंबड्या पकडून द्यायच्या. त्यांच्या गाड्या बांध फोडून उभ्या पिकात शिरल्या. मुलींनी सकाळी, मी पोचायच्या आत, फुलं तोडून ओढणीत भरली होती. जवसाचं फूल कधी ओढणीत राहतं होय? घरी पोचेपर्यंत चिमूटभर निळी धूळ उरली असेल. एका माणसाच्या डोक्यावर त्यांची बाज होती आणि चाकाखाली त्याचंच रान जात होतं. दोन्ही हात बाजेला, म्हणून सलाम करता आला नाही, म्हणून त्याला आईवरून शिवी बसली. माझं पहिलं पत्रक त्या शिवीच्या पोटी जन्मलं. गौराक्का तेवढी शांत होती. म्हणाली, "बघू दे की. बघून काय निळं कमी हुतंय? पर गाडी बांधावर हुबी कराया काय धाड भरलीया?" आमच्या सगळ्या मागण्या त्यात आल्या.

तिच्या आणि मेहबूबचाचांच्या रानांत एकच बांध. दोन्ही घरी एकेकच बैल. त्यामुळं नांगर धरायचा तर दोघांनी मिळून, पाभर चालवायची तर दोघांनी मिळून. आज आप्पांचं रान, उद्या चाचांचं. एकाच्या बैलाला लाळ सुटली की दोघांचं तोंड उतरायचं. जू एक होतं. पाण्याचे तांबे मात्र दोन. गौराक्का उभ्या जन्मात बीबनबीच्या हातचं पाणी प्यायली नव्हती, आणि बीबनबीनंही तिच्यापुढं कधी तांब्या केला नव्हता. भांडण नव्हतं. रीत होती, आणि रीतीला कुणी का म्हणून विचारत नव्हतं. मी विचारायचो. त्यावर गौराक्का म्हणायची, "तू बामनाचा आसून तिच्या कोपीत भज्जी हाणतूस, तुजं तुला. मला माजं लिंग सांभाळाया लागतंय." मी खरंच हाणायचो. येळवस बीबनबीचीही असे. कोप तशीच, आंबील तशीच, फक्त दगडांच्या जागी उदाचा धूर. वडील बघून न बघितल्यासारखं करायचे. त्यांच्या सगळ्या शिकवण्यात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

गेल्या वर्षी आम्ही येळवशीला गावात नव्हतो. निजामाच्या बाजूच्या खाकीतल्या टोळ्या गावोगाव हिंडत होत्या, कडब्याच्या गंजी पेटत होत्या, आणि आमच्यासारखी कितीतरी माणसं हद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला छावणीत पडली होती. मी तिथं पत्रकं काढत होतो. गौराक्का आणि आप्पा गोणपाटाच्या आडोशाला राहत होते. अमावस्या जवळ आली तशी गौराक्का जेवेना.

"आमी हितं भाकरी मोडतुया आन रान तिकडं उपाशी. एक येळवस चुकली की रान माणसाला इसरतंय."

"अक्का, जीव वाचलाय ते बघा," मी चिडून म्हणालो.

"जीव घिऊन काय करू? तुजी पत्रकं पेरू?"

येळवशीच्या दिवशी मला पत्रकं घेऊन हद्दीच्या आत जायचंच होतं. टोपलीत खाली पत्रकं, वर उंडे. त्या दिवशी टोपलीवाल्या माणसाला कोण अडवणार? दुपारी शिवारात पोचलो तर रानं मुकी. ओलगे नाही, धूर नाही, कुणाचं हसणं नाही. वारा आला की ज्वारीच वाजत होती. आणि गौराक्काच्या रानात कोप उभी. मी आत वाकून बघितलं. पाच दगड, त्यांवरचा चुना अजून ओला. रानाच्या कडेनं आंबिलीचे पांढरे शिंतोडे. बांधापलीकडं मेहबूबचाचा फडकं सोडून एकटेच जेवत बसले होते. बीबनबी आजारी पडून माहेराला गेली होती, असं नंतर कळलं.

"चाचा, हे तुम्ही केलंत? त्या टोळीवाल्यांनी बघितलं तर?"

"बघितलं की. इचारलं बी, कुणाचा देव धुतूस म्हून. म्या म्हणलं शेजाऱ्याचा हाय, शेजारी गावाला गेलाय."

"आणि पूजा?"

"पूजा कशी करीन? पूजा गौराक्काची, तिनं येऊन करावी. म्या नुसती आंघोळ घातली. शेजारी म्हातारं माणूस एकलं ऱ्हायलं तर घालाया नको?"

"मग इकडं सावलीत बसून तरी जेवा."

"नक्को बाबा." त्यांनी घास खाली ठेवला. "यजमान जाग्यावर न्हाय आन म्या तिच्या रानात बसून खाऊ? उद्या लोक म्हणतील, मेहबूबनं रान पोटात घातलं."

छावणीत परतून मी गौराक्काला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जवस कसा हाय?"

"निळा आहे."

"निळाच आसंल की, पिवळा आसंल व्हय? दाट हाय का इरळ?"

मी दुपारी गेलो होतो. मातीवरच्या कोंड्यावरून कसं सांगणार? "दाट," म्हणालो. मग तिनं भाकरी मोडली.

त्या वर्षी मी इतकं लिहिलं, इतकं बोललो, पण चाचांच्या त्या ठेवलेल्या घासाबद्दल मला काही लिहिता आलं नाही. पत्रकात बसणारी गोष्ट नव्हती ती. पत्रकाला एक जुलमी लागतो आणि एक पिचलेला. शेजाऱ्याच्या देवाला आंघोळ घालून उन्हात जेवणाऱ्या माणसासाठी त्यात रकाना नसतो.

यंदा भाद्रपदात फौजा आल्या आणि राज्य गेलं. आम्ही नाचलो. खोटं कशाला सांगू, मी चावडीच्या ओट्यावर चढून नाचलो. मग जे झालं त्याचं पत्रक कुणी काढलं नाही. ज्यांनी गंजी पेटवल्या होत्या ते आधीच पळाले. मागं राहिले ते, ज्यांना पळायचं काही कारण वाटलं नव्हतं. त्यांच्यावर हात टाकला तो आमच्या माणसांनी, माझ्या शेजारी बसून घोषणा दिलेल्या माणसांनी. आजूबाजूच्या गावांतून धूर दिसायचा. धूर गेल्या वर्षीचाच, वारा तेवढा फिरला होता. मेहबूबचाचांचं नाव कुणीतरी दिलं. पोलीस आले, घेऊन गेले. गुन्हा कोणता, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही. मी धाराशिवला खेटे घालतोय. खुर्चीतला माणूस बदललाय, 'कल आना'चं 'उद्या या' झालंय. स्वराज्याची एवढी प्रगती मी स्वतः बघितलीय. स्वभाषेत हाकलून दिल्यावर माणूस जास्त दमतो, हेही कळलं.

आश्विनात पेरणी आली तेव्हा आप्पांच्या दावणीला दोन्ही बैल होते. चाचांना नेलं तेव्हा त्यांचा बैल आप्पांकडंच होता, तो राहिला. आप्पांनी आपलं रान पेरलं, बांधापाशी पोचले, पाभर उचलली आणि पलीकडं टेकवली. लोकांनी विचारलं, हे कुणाच्या सांगण्यावरून? आप्पा मुळात कमी बोलणारे. म्हणाले, "बैल थांबंनात." थांब म्हटलं की बैल थांबतो हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण आप्पांच्या तोंडावर कुणी तसं म्हणालं नाही. जवस उगवून आला, आणि गावाच्या डोळ्यांत आला.

दादारावाच्या डोळ्यांत जरा जास्तच आला. दादाराव आमचा छावणीतला म्होरक्या. भित्रा नव्हता, हे लिहायलाच हवं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर एकदा पत्रकांची थैली त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मला रानातून पळवलं. त्याच्या पाठीवरचे वळ मी बघितलेत. त्याच्या गंजी जळाल्या, थोरल्या भावाचा पाय कायमचा गेला. असा माणूस समोर उभा राहून चुकीचं बोलतो तेव्हा त्याला शिवी देणं जड जातं. निजामाविरुद्ध मी एका बैठकीत पत्रक पाडायचो. दादारावाविरुद्ध एक ओळ लिहायला बसलोय ती अजून पुरी झालेली नाही.

अमावस्येच्या आधी त्यानं चावडीवर सांगितलं, "यंदा येळवशीला समद्या गावाला जेवण म्या घालनार. मेहबूबच्या रानात."

परक्या माणसाला यात वावगं दिसणार नाही. वाटेल, बरा दानशूर आहे. पण आमच्याकडं रानाचा वाद पडला की म्हातारे कागदाआधी एक विचारतात: येळवशीला तिथं वाढलं कुणी? वाढणारा तो यजमान, यजमान तो मालक, आणि जेवणारे ते साक्षी. गाव एकदा दादारावाच्या हातचं त्या रानात जेवलं की विषय मिटला. पोटात गेलेलं कुणाला नाकारता येतं?

मी त्याच्या घरी गेलो.

"दादाराव, हे चूक आहे."

"मग बरोबर काय ते तू सांग. माज्या गंजी जळाल्या. भाऊ लंगडा बसून हाय. म्या कुणाकडून भरून घिऊ?"

"ज्यांनी जाळल्या त्यांच्याकडून घे."

"ते ग्येले पळून. ह्यो घावला."

मला वाटलं, आता याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. पण तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "केशव, तू येनार न्हवं? तू पंगतीला बसलास की लोक बिनघोर बसतील." तोच हात, ज्यानं थैली घेतली होती.

येळवशीच्या दिवशी मी सकाळीच रानात गेलो. काही ठरवून नाही. घरात बसवेना म्हणून. आणि आयुष्यात पहिल्यांदा जवस फुललेला बघितला. लहानपणापासून ज्या रानात जेवलो त्या रानाचा रंग मला माहीत नव्हता. निळा म्हणजे आभाळासारखा नाही, डोळे भरून आलेल्या माणसाच्या पापणीखाली असतो तसा काहीसा, फिकट आणि ओला. देठ इतके बारीक की फुलं कशावर उभी आहेत ते दिसत नव्हतं. गुडघ्याएवढ्या उंचीवर नुसता रंग हलत होता. मधमाश्यांचा एकसुरी आवाज. बांधावर मोहरीची चार पिवळी झाडं. मी तिथं बसलो आणि मला एकदम झोप आली. सुंदर बघून माणसाला स्फुरण येतं म्हणतात. मला झोप आली. एवढं निळं कुणाला तरी देऊन टाकायला दुपारी गाव जमणार होतं आणि मी त्याला अडवू शकत नव्हतो.

गौराक्का तिच्या कोपीपाशी चुना कालवत होती.

"अक्का, तुम्ही जाणार तिकडं जेवायला?"

"म्या कशाला जाईन? माज्या रानात माजी चूल हाय." मग चुना ढवळत, "दादाराव काल आला हुता. आप्पाला म्हनतुया, पेरलं तुमी, निम्मं पीक तुमाला."

"आप्पा काय म्हणाले?"

"काय म्हनत्यात! उठून बैलाला पानी पाजाया ग्येले."

उन्हं चढली. मी समोर बसून बघत होतो, तरी पहिली पाकळी कधी पडली ते कळलं नाही. वारा नव्हता. रान आपसूक हिरवं होत गेलं. तोवर गावातून टोपल्या यायला लागल्या. दादारावानं कमी केलं नव्हतं. भज्जीचं मोठं पातेलं, खिरीचं पातेलं, पत्रावळींचा ढीग. चाचांच्या रानाच्या मोकळ्या कडेला पंगत बसली. लोक हसत होते, पण रोजच्यापेक्षा हळू. कुणी कुणाकडं सरळ बघत नव्हतं. बांधापलीकडं गौराक्का आणि आप्पा आपल्या कोपीत होते. मी बांधावर उभा होतो, ना इकडं ना तिकडं.

"केशव, बस की," दादारावानं हाक मारली. हातात पळी घेऊन तो वाढायला सुरुवात करणार होता. सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी राग येत नव्हता. बसून टाकावं, खाऊन टाकावं आणि आडवं व्हावं एवढंच वाटत होतं. चळवळीतली माणसं अशीच संपत असावीत, दमून.

तेवढ्यात नळदुर्गाच्या वाटेनं बीबनबी आली.

एकटीच. डोक्यावर बिंदगं, पायांवर पोटऱ्यांपर्यंत धूळ. किती वेळापासून चालत होती कोण जाणे. ती रानाच्या कडेला थांबली, जवसाकडं बघितलं, वाकून एका झाडाचं बोंड दोन बोटांत दाबून बघितलं, आणि सरळ झाली. दादाराव तिला हाकलू शकला असता. पण येळवशीला रानात पाऊल टाकलेल्या माणसाला आमच्याकडं एकच गोष्ट म्हणतात, आणि ती त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेली.

"या चाची. जेवा."

तिच्याच रानात तिला पाहुणी करून टाकलं होतं. ती बसली असती तर सगळं तिथंच संपलं असतं. पोटात काही नसावं. ओठ पांढरे पडले होते.

"जेवीन की," ती म्हणाली. "आदी पाव्हण्यांना वाढू द्या. माज्या रानात लोक बसल्यात आन म्या आदी जेवू?"

आणि बिंदगं कमरेवर घेऊन, त्यातली लहानशी पळी काढून, ती पंगतीच्या पहिल्या माणसापुढं जाऊन वाकली. दादारावाची पळी हातातच राहिली.

पहिला होता म्हादूतात्या. त्यानं पत्रावळीवर आडवा हात धरला. "चाची, उपास हाय मला."

"येळवशीला उपास?" मागून कुणीतरी बोललं आणि एक बाई फिसकन हसली. पण हात काही निघाला नाही. बीबनबी दुसऱ्यापुढं सरकली. त्यानं मान वळवली. तिसऱ्यानंही. उठून मात्र कुणी गेलं नाही. ती वाकत होती, थांबत होती, सरकत होती. आंबील तशीच. मी तिच्याकडं जायला निघालो, पण माझ्या बसण्याला काय किंमत? मी तर लहानपणापासून बाटलेला. माझी साक्ष कुणी धरली नसती, आणि तिलाही ते माहीत होतं. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

बांधावर माझ्या शेजारून कुणीतरी गेलं. गौराक्का. हातांना चुना तसाच. ती बांध उतरली, पंगतीच्या टोकाला गेली आणि मातीत मांडी घालून बसली. पत्रावळ मागितली नाही. चुन्याचे हात लुगड्याला पुसले आणि ओंजळ पुढं केली. गळ्यातली डबी पुढं लोंबत होती. ती तिनं पदराखाली झाकली नाही. साऱ्या गावानं बघितलं.

"वाढ," ती म्हणाली.

बीबनबी हलेना. एवढ्या वर्षांत हा हात तिच्यापुढं आला नव्हता. तिला वाटलं असेल, चुकून.

"बघतीस काय? यजमानीण हाईस न्हवं? का माजी बी वळख लागंना?"

पळी वाकली. ओंजळीतून आंबील कोपरापर्यंत ओघळली. गौराक्का एका दमात प्यायली. म्हादूतात्याचा हात पत्रावळीवर अजून होता, पण बोटं सैल झाली होती. बांधापलीकडून आप्पा येत होते, त्यांच्या सावकाश चालीनं. दादाराव पळी घेऊन उभा होता, तसाच, आणि पंगतीत त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

"वाटंत ऊन लागलं," बीबनबी म्हणाली. "लई आंबट झाली आसंल."

गौराक्कानं ओंजळ तशीच पुन्हा पुढं केली.

"आंबीलच हाय ती, आंबट न्हाय तर काय गोड आसंल? वाढ आनिक."